गावात प्रौढ साक्षरता वर्ग कसा उभा करावा आणि कसा टिकवावा: 'उल्लास'च्या स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर केलेला 'नवभारत साक्षरता कार्यक्रम' आज 'उल्लास' या नावाने ओळखला जातो. २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांत, १५ वर्षे व त्यावरील वयाच्या ५ कोटी व्यक्तींना पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान मिळावे असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी १०३७.९० कोटी रुपयांची तरतूद असून त्यातील ७०० कोटी केंद्राचे आणि उरलेले राज्यांचे आहेत. एकूण तरतुदीला ५ कोटींनी भागले, तर एका शिकणाऱ्यामागे पाच वर्षांत मिळून साधारण दोनशे रुपये येतात. हा पैसा शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी नाहीच. कार्यक्रम पूर्णपणे स्वयंसेवेवर उभा आहे, आणि म्हणून गावातील वर्ग चालेल की कागदावर राहील, हे बहुतांशी तो चालवणाऱ्या स्वयंसेवकाच्या तयारीवर ठरते. ही तयारी कशी करावी, याबद्दल हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक भूमिका स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे त्यावर आधारलेले आहे. या कार्यक्रमात वर्षाच्या शेवटी एक चाचणी असते, आणि प्रशासनाचे सगळे लक्ष त्या चाचणीला किती जण बसले याकडे लागलेले असते. स्वयंसेवकाने मात्र चाचणीनंतर सहा महिन्यांनी किती जण वाचत आहेत, याकडे लक्ष ठेवून काम आखावे. वर्गाची वेळ, पहिला शब्द, वाचनाचे साहित्य आणि चाचणीनंतरची व्यवस्था यांपैकी प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घेतला, तर चाचणी आपोआप सुटते. उलट केवळ चाचणीसाठी शिकवलेले सहा महिन्यांत पुसले जाते.

आधी योजना समजून घ्या

कार्यक्रमाचे पाच घटक आहेत: पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, महत्त्वपूर्ण जीवनकौशल्ये, व्यावसायिक कौशल्य विकास, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. प्रत्यक्षात गावपातळीवर पहिल्या घटकावरच बहुतेक काम होते. अंमलबजावणीचे एकक शाळा हे आहे. म्हणजे सर्वेक्षण, नोंदणी आणि चाचणी हे सारे गावच्या शाळेच्या नावाने चालते. महाराष्ट्रात याची सूत्रे पुण्याच्या शिक्षण संचालनालयाच्या योजना विभागाकडे आहेत. त्यामुळे पहिली भेट मुख्याध्यापकांची घ्यावी. शिक्षकांवर आधीच अनेक अशैक्षणिक कामांचा भार असतो, हे लक्षात ठेवून 'आम्ही काय करू शकतो' असा प्रस्ताव घेऊन जावे. सर्वेक्षणासाठी घरोघर फिरणे आणि वर्ग चालवणे तुम्ही उचललेत, तर शाळेला फक्त उल्लास ॲपवरील नोंदी आणि जागा यांपुरतेच पाहावे लागते.

ॲपवर दोन प्रकारच्या नोंदी होतात: शिकू इच्छिणाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची. त्यानंतर प्रत्येक शिकणाऱ्याची एखाद्या स्वयंसेवकाशी जोडणी केली जाते. एका स्वयंसेवकाकडे आठ ते दहा जण असावेत. घरातीलच नात किंवा सून आपल्या आजीला किंवा सासूला शिकवत असेल, तर तिचीही स्वयंसेवक म्हणून नोंद जरूर करावी. असे घरगुती वर्ग दिसायला लहान असले तरी फार टिकाऊ असतात. ॲपवरील जोडणी झाली म्हणजे वर्ग सुरू झाला, असा समज मात्र करून घेऊ नये. तो वेगळा उभा करावा लागतो.

सर्वेक्षण: विचारण्याची रीत

जनगणनेत ७ वर्षे व त्यावरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर मानली जाते. पण गणना करणारा कोणाला वाचून दाखवायला लावत नाही. घरातील माणूस सांगेल ते लिहून घेतले जाते. गावातील जुन्या याद्यांमध्ये त्यामुळे दोन प्रकारची माणसे निसटतात. एक म्हणजे ज्यांना फक्त सही येते. दुसरी म्हणजे तिसरी-चौथीपर्यंत शाळेत गेलेली आणि आता सगळे विसरलेली. या दोघांनाही वर्गाची गरज असते, आणि दुसऱ्या प्रकारची माणसे सर्वांत लवकर शिकतात.

'तुम्हाला लिहिता-वाचता येते का?' असा प्रश्न चारचौघांत विचारला की उत्तर बहुधा 'येतं की थोडंफार' असेच मिळते. ओसरीवर जावई बसलेला असताना कोणतीही बाई 'मला येत नाही' असे म्हणणार नाही, आणि तिने म्हणावे अशी अपेक्षाही धरू नये. त्याऐवजी घरातले वीजबिल किंवा रेशन कार्ड मागावे आणि 'यात नाव कुठे आहे, बरोबर लिहिलंय का, जरा बघता का?' असे सहज म्हणावे. माणूस कागद हातात घेऊन बोट फिरवतो की लगेच दुसऱ्याकडे देतो, यावरून कळायचे ते कळते. बायकांशी बायकांनीच, शक्यतो विहिरीवर, शेतात किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर बोलावे. यादीवर 'निरक्षर' असा शब्द लिहून ती शाळेच्या भिंतीवर लावणे हा वर्ग बंद पाडण्याचा हमखास मार्ग आहे. यादी स्वतःच्या वहीत ठेवावी.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी आणि ती शब्दशः लिहून ठेवावी: काय वाचता आले तर बरे वाटेल? उत्तरे फार नेमकी येतात. एसटीची पाटी, पोराने मोबाइलवर पाठवलेला निरोप, बचत गटाच्या रजिस्टरवर आपल्या नावापुढची रक्कम, सातबाऱ्यावरचे नाव, औषधाच्या पाकिटावरची तारीख, हरिपाठ. पुढच्या सात-आठ महिन्यांचा अभ्यासक्रम या उत्तरांतूनच घडवायचा आहे.

वेळ, जागा आणि डोळे

१९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या काळात तीन भागांच्या वाचनपाठांसाठी साधारण २०० तास धरले जात. तो अंदाज आजही उपयोगी आहे. आठवड्यातून पाच दिवस, रोज दीड तास वर्ग भरला तर २०० तासांना सुमारे २७ आठवडे लागतात. सण, लग्नसराई, पेरणी, आजारपण यांत बुडणारे दिवस मिळवले की आठ महिने होतात. म्हणून चाचणी जर मार्चमध्ये अपेक्षित असेल, जशी महाराष्ट्रात २०२४ मध्ये झाली, तर वर्ग आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये सुरू व्हायला हवा. जानेवारीत नोंदणी करून मार्चमध्ये चाचणीला बसवणे म्हणजे शिकणाऱ्यांची आणि स्वतःचीही फसवणूक आहे.

वेळ शिकणाऱ्यांनी ठरवावी, आणि बायका व पुरुषांचा वर्ग शक्यतो वेगळा असावा, कारण त्यांच्या मोकळ्या वेळा वेगळ्या असतात. बायकांना दुपारी दोन ते साडेतीन किंवा रात्री जेवणे आटोपल्यावरची वेळ जमते. पुरुषांना बहुधा रात्रीचीच. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे पाच-सहा महिने गावात नसतात. त्यांच्यासाठी पावसाळ्यात सघन वर्ग घ्यावा, आणि कारखान्यावरच्या कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) नेता येईल अशी सरावाची वही बरोबर द्यावी. टोळीबरोबर जाणारे एखादे शिकलेले तरुण मूल असेल, तर त्याचीच स्वयंसेवक म्हणून तयारी करून घ्यावी.

जागा शाळेचीच हवी असे नाही. मुलांच्या बाकांवर मोठी माणसे अवघडतात, आणि शाळेच्या इमारतीचा अनेकांच्या मनात जुना धसका असतो. समाजमंदिर, अंगणवाडी, एखाद्या घराची पडवी चालेल. मात्र ते घर असे असावे की जिथे सर्व जातींच्या बायका मोकळेपणाने येतील. हे पाहिले नाही, तर वस्तीवरच्या बायका पहिल्या आठवड्यानंतर येणार नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत. दिव्याचा उजेड भरपूर हवा.

उजेडाचा मुद्दा निघाला म्हणून डोळ्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण या एका गोष्टीकडे झालेले दुर्लक्ष अनेक वर्ग बुडवते. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते. ज्या माणसाने आयुष्यात कधी छापील अक्षर पाहिले नाही, त्याला आपली जवळची नजर अधू झाल्याचे कळण्याचे कारणच पडलेले नसते; सुईत दोरा ओवायला नातवाला बोलावणे एवढीच काय ती खूण. अशी व्यक्ती वर्गात येते, पुस्तकाकडे पाहते, तिला काळी पुंजकी दिसतात, आणि 'आता या वयात डोक्यात शिरत नाही' असे म्हणून ती घरी बसते. दोष डोक्याचा नसून चष्म्याचा असतो. म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी सगळ्यांची नेत्रतपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तारीख ठरवून सगळ्यांना एकत्र न्यावे, आणि चष्म्यांसाठी ग्रामपंचायत, गणेश मंडळ, गावाबाहेर नोकरी करणारी मंडळी यांच्याकडे हक्काने मागावे. केरळमधील एर्नाकुलम हा जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी देशातील पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या मोहिमेतही लोकांकडून चष्मे मिळवून ते म्हाताऱ्या शिकणाऱ्यांना वाटण्यात आले होते.

पहिले चार दिवस

पहिल्या दिवशी हाताला पेन्सिल देण्याची घाई करू नये. गोल बसावे, आणि स्वयंसेवकानेही खालीच, गोलातच बसावे. मावशी, काकू, आजी, आबा, अण्णा अशा नेहमीच्या हाकेनेच बोलावे. ज्या हातांनी चाळीस वर्षे खुरपे धरले आहे, त्यांना पेन्सिल सैल धरता येत नाही. टोक मोडते, कागद फाटतो आणि माणूस खजील होतो. म्हणून सुरुवातीला पाटीवर, जाड खडूने, मोठ्या आकाराच्या रेषा, गोल, अर्धगोल काढायला द्यावेत. रांगोळी काढणाऱ्या बायकांना हे आकार आधीच येत असतात, आणि तसे त्यांना बोलून दाखवावे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येकाचे नाव मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून द्यावे. रोज वर्गात आल्यावर ढिगातून आपला पुठ्ठा शोधून तो भिंतीवरच्या दोरीला अडकवायचा, हीच हजेरी. आठवडाभरात प्रत्येक जण स्वतःचे नाव चित्रासारखे ओळखतो आणि शेजारणीचेही ओळखू लागतो. नावापासून सुरुवात करण्याची मागणी शिकणाऱ्यांकडूनच येते, कारण अंगठा उठवण्याची सल खोल असते. ती मागणी पुरवावी, पण सही आल्यावर वर्ग सोडणारेही पुष्कळ असतात. त्यांना एवढेच समजावून सांगावे की वाचता न येणाऱ्याची सही ही अंगठ्यापेक्षा धोक्याची असते: अंगठा पाहून बँकेतला माणूस निदान मजकूर वाचून दाखवतो, सही पाहिली की तो गृहीत धरतो की तुम्ही वाचले आहे.

वाचन शिकवताना

मुलांना शिकवतो तसे अ-आ-इ-ई पासून ज्ञपर्यंत पाठ करून घेणे प्रौढांसाठी योग्य नाही. दोन महिने अक्षरे गिरवूनही एक शब्द वाचता येत नाही, आणि तोवर निम्मा वर्ग गळालेला असतो. शब्दापासून अक्षराकडे जावे. शब्द असा निवडावा की त्यावर बोलण्यासारखे काही असेल आणि त्यातील अक्षरांतून लगेच दुसरे शब्द तयार होतील.

उदाहरणादाखल 'काम' हा पहिला शब्द घ्या. तो मोठ्या अक्षरात लिहावा आणि आधी दहा-पंधरा मिनिटे केवळ कामावर बोलावे: कोण कोणते काम करते, मजुरी किती मिळते, बाईला आणि गड्याला वेगळी का, रोजगार हमीच्या कामाची मागणी कोणी केली आहे का. मग शब्द वाचावा, दोन तुकड्यांत टाळी वाजवून म्हणावा: का, म. पट्टी मधून कापून दोन तुकडे वेगळे दाखवावेत. 'का'मधला काना झाकला की 'क' उरतो, आणि 'म'ला तो काना दिला की 'मा' होतो, हे शिकणाऱ्यानेच करून पाहावे. इथेच 'काका', 'मामा', 'मका' हे शब्द तयार होतात, आणि ते शिकणाऱ्याने स्वतः जुळवलेले असतात. दुसऱ्या दिवशी 'नाव' हा शब्द आणला की न आणि व ही दोन अक्षरे मिळतात. आता चार अक्षरे आणि एक काना एवढ्या भांडवलावर काम, नाव, नाक, कान, मान, मका, मामा, काका, नाना, नवा, नका, कमान असे बारा शब्द वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात बारा शब्द स्वतः वाचलेला माणूस पुढच्या आठवड्यात वर्गाला येतोच.

यानंतर 'पाणी', 'मजुरी', 'शाळा', 'दवाखाना', 'जमीन' असे शब्द घेत एका वेळी एक मात्रा आणि दोन-तीन अक्षरे वाढवावीत. 'ळ' मराठीत पदोपदी लागतो, तो लवकर घ्यावा. ङ, ञ, ऋ यांची घाई नको. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या दिसायला जवळच्या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरे आणावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या टप्प्यावर अजिबात काढू नयेत. 'पाणि' लिहिणाऱ्या आजींनी पाणी लिहिले आहे, हे पुरेसे आहे. त्यांची वही लाल शाईने रंगवणाऱ्याने पुन्हा लाल पेन वर्गात आणू नये, इतके हे मला महत्त्वाचे वाटते.

जोडाक्षरांत सर्वांत अडणारे अक्षर र हे आहे, कारण ते चार वेगळ्या रूपांत येते. त्यासाठी एक सोपी व्यवस्था आहे. 'ग्रामपंचायत', 'अर्ज', 'महाराष्ट्र' आणि 'शेतकऱ्यांना' हे चार शब्द एका तक्त्यावर लिहून भिंतीवर कायमचे लावावेत. चारही शब्द सरकारी कागदांवर सतत भेटतात, आणि त्यांत र-ची चारही रूपे आलेली आहेत. नवा शब्द अडला की 'यातला र भिंतीवरच्या कोणत्या शब्दासारखा आहे?' एवढेच विचारावे.

महिना-दीड महिन्यात छोटी वाक्ये येऊ लागली की शिकणाऱ्यांचेच बोलणे वाचनपाठ म्हणून वापरावे. एखादी बाई काल बाजारात काय झाले ते सांगते. स्वयंसेवक ते तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत, चार-पाच ओळींत फळ्यावर लिहितो. सगळे ते वाचतात. मजकूर आधीच ठाऊक असल्याने वाचन पळते, आणि आपले बोलणे कागदावर उतरते याचा आनंद वेगळाच असतो. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत, तसेच लमाण तांड्यांवर, हे मजकूर पावरी, कोरकू, गोंडी, गोरमाटी अशा घरच्या भाषेतच घ्यावेत. देवनागरीत त्या लिहिता येतात. आपल्या भाषेत वाचता येऊ लागलेल्या माणसाला पुढे मराठी वाचणे अवघड जात नाही. मात्र परक्या भाषेतले अक्षर एकाच वेळी लिपीही शिका आणि भाषाही शिका असे दुहेरी ओझे टाकते.

वाचलेल्या मजकुरावर चर्चा झालीच पाहिजे, आणि ती कुठवर जाऊ शकते याचे आपल्या देशातले मोठे उदाहरण आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्याचे आहे. साक्षरता मोहिमेच्या वाचनपाठात दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घरातील एका बाईची गोष्ट होती. ती वाचून दुबगुंटा गावच्या बायकांनी १९९२ च्या सुमारास गावातले दारूचे दुकान बंद पाडले, आणि त्यातून राज्यभर दारूविरोधी आंदोलन उभे राहिले. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली, कारण वर्गाला जायला-यायला आणि स्वतःच्या कामाने फिरायला त्यांना कोणावर अवलंबून राहावे लागू नये. अक्षरांचा उपयोग आपल्या आयुष्यात दिसला की वर्ग बोलवावा लागत नाही.

आकडे

गणितात प्रौढ माणूस कोरा नसतो. बाजारात भाजी विकणारी बाई पाऊण किलोचे पैसे तोंडी हिशेबाने क्षणात सांगते, आणि जुन्या पिढीतल्या काहींना पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) अजून तोंडपाठ असते. म्हणून इथे हिशेब शिकवायचा नसून लिहायला शिकवायचे असते, हे स्वयंसेवकाने मनाशी पक्के धरावे. तोंडी उत्तर आधी घ्यावे, मग ते कागदावर कसे मांडतात ते दाखवावे.

दोन ठिकाणी गाडी हमखास अडते. पहिले शून्याचे स्थान: 'तीनशे पाच' ऐकून शिकणारा ३००५ लिहितो, कारण त्याने तीनशे लिहिले आणि पुढे पाच लिहिला. शंभराच्या तीन नोटा, दहाची एकही नाही आणि रुपयाची पाच नाणी अशी मांडणी तीन रकान्यांत प्रत्यक्ष करून दाखवली की हा घोळ सुटतो. दुसरे म्हणजे मराठीतली 'एकोण'ची नावे. 'एकोणचाळीस' ऐकताना कानावर चाळीस पडते आणि लिहायचे असतात तीन आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या या आठ संख्यांचा वेगळा तक्ता करून रोज पाच मिनिटे तेवढाच सराव घ्यावा.

आकडे देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत शिकवणे आवश्यक आहे. पुस्तकात एक लिपी आणि मोबाइल, वीजमीटर, गॅसबिल यांवर दुसरी, अशी स्थिती असते. यासाठी पाचशेची नोट हे उत्तम साधन आहे. तिच्यावर किंमत दोन्ही लिप्यांत छापलेली असते, आणि मागच्या बाजूच्या भाषांच्या पट्टीत मराठीत 'पाचशे रुपये' असेही लिहिलेले असते. वर्गात ती ओळ शोधायला लावावी. रोज हाताळलेल्या कागदावर आपली भाषा सापडली की सगळे ती नोट एकमेकांना दाखवू लागतात.

राष्ट्रीय साक्षरता मिशनने त्या काळी ठरवलेली पातळी आजही मोजमाप म्हणून वापरण्यासारखी आहे: मिनिटाला ३० शब्दांच्या गतीने सोपा मजकूर मोठ्याने वाचणे, मनात वाचताना ३५ शब्द, पाहून लिहिताना मिनिटाला ७ शब्द आणि ऐकून लिहिताना ५ शब्द, तसेच १ ते १०० अंकांचे वाचन-लेखन आणि रोजच्या व्यवहारातील बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी प्रत्येकाची गती एकेकट्याला बसवून पाहावी. वर्गासमोर तुलना करू नये.

फोन आणि पैसे

शिक्षण मंत्रालयाने २०२४ मध्ये साक्षरतेची जी व्याख्या राज्यांना कळवली, तीत वाचन, लेखन, गणन यांच्याबरोबर डिजिटल आणि आर्थिक साक्षरतेसारखी जीवनकौशल्येही धरली आहेत. हा भाग शेवटी न ठेवता आकडे आल्याबरोबर सुरू करावा. फोनमधील नाव शोधून लावणे, आलेला संदेश वाचणे, बँकेच्या संदेशातून 'जमा' आणि 'वजा' ओळखणे, पासबुकातील शेवटची शिल्लक पाहणे, पैसे काढण्याची पावती स्वतः भरणे. दोन नियम पाठ झालेच पाहिजेत: कोणी फोनवरून पाठवलेले पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो देण्यासाठी लागतो, आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, मागणारा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवत असला तरी. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक लगेच लावायचा, हे प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. कोऱ्या कागदावर सही न करणे, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही पाहणे, सहीखाली तारीख घालणे आणि अर्ज दिल्यावर तारखेची पोच मागणे, या सवयींचा सराव वर्गातच खऱ्या नमुन्यांवर करून घ्यावा.

चाचणी

पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी १५० गुणांची असते: वाचन ५०, लेखन ५० आणि संख्याज्ञान ५०. वेळ तीन तासांचा असतो आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के गुण लागतात. उत्तीर्ण होणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. शिकवण्यात आठ महिने प्रामाणिकपणे गेले असतील तर ही चाचणी अवघड नाही. अवघड असते ती परीक्षेची भीती. म्हणून चाचणीपूर्वी दोनदा तशाच छापील नमुन्यावर, त्याच शाळेत, नाव-गाव लिहिण्यापासून सराव घ्यावा. चष्मा बरोबर आणायला सांगावे. त्या दिवशी घरच्यांनी घरकाम उचलावे असे घरी जाऊन सांगावे. कोणाच्याही बदल्यात दुसऱ्याने पेपर लिहू नये, आणि तसा आग्रह कोणी केला तर स्वयंसेवकाने स्पष्ट नकार द्यावा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या हाती साक्षरतेचे प्रमाणपत्र देणे म्हणजे शिकण्याची त्याची शेवटची संधी काढून घेणे होय, कारण पुढच्या यादीत त्याचे नाव येणार नाही.

चाचणीनंतरचे सहा महिने

नवसाक्षराचे अक्षर कच्चे असते, आणि वापरले नाही तर विसरायला वेळ लागत नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या साक्षर भारत योजनेत गावोगावी लोकशिक्षण केंद्रे होती आणि ती चालवणारे, महिना २००० रुपये मानधनावरचे 'प्रेरक' होते. मार्च २०१८ मध्ये योजना संपली, मानधन थांबले आणि केंद्रांना कुलपे लागली. यावरून घ्यायचा धडा असा की वर्गाची पुढची सोय योजनेवर न टाकता गावात आधीपासून असलेल्या आणि योजनेनंतरही राहणाऱ्या संस्थेवर टाकावी. महाराष्ट्रात अशी सर्वांत मजबूत संस्था महिला बचत गट ही आहे. गटाचे इतिवृत्त आणि जमा-खर्च दर महिन्याला नवसाक्षर बाईने लिहायचा, शिकलेल्या बाईने फक्त तपासायचा, असा ठराव गटात करून घ्यावा. हिशेब स्वतः लिहिणारी बाई लिहायला विसरत नाही.

दुसरी जागा ग्रामसभा. तिच्यापूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या सभेत सूचना आणि मागील ठराव नवसाक्षर बायकांनी वाचून दाखवावेत. तिसरी जागा गावचे सार्वजनिक ग्रंथालय. तिथे मोठ्या टायपातील पातळ पुस्तकांचा एक स्वतंत्र कप्पा ठेवायला ग्रंथपालांना सांगावे, आणि आठवड्यातला एक वार सामूहिक वाचनाचा ठरवावा. गावाजवळ ग्रंथालय नसेल तर भित्तिपत्रक चालवावे: बाजारभाव, पाण्याची पाळी, दवाखान्याची तारीख, बारशाचे आमंत्रण. मजकूर नवसाक्षरांनी सांगावा आणि त्यांनीच लिहावा.

पुढे शिकू इच्छिणारे दर वर्गात दोन-तीन तरी निघतात, विशेषतः पंचविशी-तिशीतल्या सुना. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवी समकक्ष स्तर आहेत, आणि महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळातूनही पाचवी व आठवीची परीक्षा देता येते. अर्ज, जन्मतारखेचा पुरावा आणि शुल्क यांची जुळवाजुळव स्वयंसेवकाने त्यांच्याबरोबर बसून करावी. हा टप्पा त्यांच्यावर सोडला की तो बहुतेक वेळा तिथेच राहतो.

चाचणीनंतर सहा महिने झाले की वही उघडून वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी पुन्हा जावे. सर्वेक्षणाच्या वेळी त्यांनी जे वाचायची इच्छा सांगितली होती, तेच समोर ठेवावे, मग तो सातबारा असो, मोबाइलवरचा निरोप असो की हरिपाठ, आणि वाचायला सांगावे. ज्यांचे वाचन अडखळते त्यांची नावे वेगळी लिहून त्यांच्यासाठी पावसाळ्यातल्या नव्या वर्गात पुन्हा जागा ठेवावी, आणि ज्यांचे वाचन सुरळीत आहे त्यांतल्या एक-दोघींना त्याच वर्गात शेजारी बसून मदत करायला बोलवावे.